शापाचा पंचनामा

ऑगस्ट १९०१च्या ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्स पुन्हा छापून आला, तेव्हा वाचकांच्या लेखी तो मरून साडेसात वर्षं होऊन गेली होती. डिसेंबर १८९३मध्ये आर्थर कॉनन डॉयलनं त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात लोटून दिलं होतं आणि वाचकांनी कितीही गळ घातली तरी तो बधला नव्हता. नव्या कादंबरीतही त्यानं होम्सला जिवंत केलं नाही. मृत्यूच्या आधीचं एक जुनं प्रकरण म्हणून ती सांगितली. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ एप्रिल १९०२पर्यंत क्रमशः चालली, मार्च १९०२मध्ये पुस्तकरूपानं आली, आणि तेव्हापासून ‘गॉथिक वातावरणाची डिटेक्टिव्ह कादंबरी’ म्हटलं की पहिलं नाव हिचंच निघतं.

नाव निघतं, पण त्यामागचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. गॉथिक कथा वाचकाला बजावते की माणसाच्या बुद्धीला न कळणारं पुष्कळ काही या जगात आहे. डिटेक्टिव्ह कथा नेमकं उलट सांगते: नीट पाहिलं, नीट विचार केला, तर न उलगडणारं काही उरत नाही. एकमेकींच्या मुळावर उठलेल्या या दोघी एका पुस्तकात नांदतात कशा? भुताचा खुलासा करायचाच असेल तर आधी तीनशे पानं वाचकाला घाबरवायचं कशासाठी? आणि खुलासा झाल्यावर त्या भीतीचं काय होतं? अडीचशे वर्षांत निरनिराळ्या देशांतल्या लेखकांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ती ओळीनं पाहिली की बास्करव्हिलच्या कुत्र्याचं मोठेपणही नीट कळतं.

सुरुवात १७६४ची. होरेस वॉलपोलनं ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ लिहिली आणि पहिल्या आवृत्तीत ती एका जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर असल्याची बतावणी केली. दुसऱ्या आवृत्तीत आपणच लेखक असल्याचं कबूल केलं आणि ‘एक गॉथिक कथा’ असं उपशीर्षक जोडलं. तिच्यात लग्नाच्याच दिवशी आकाशातून एक प्रचंड शिरस्त्राण पडतं आणि गादीचा वारस त्याखाली चिरडून मरतो. आजोबांचं चित्र चौकटीतून उतरून चालू लागतं. या सगळ्याचं मूळ एकच: पूर्वजानं गादी बळकावलेली आहे आणि त्याची फेड नातवंडांना करावी लागते आहे. जुनं हस्तलिखित, पूर्वजाचं चित्र, धोक्यात आलेला वारस आणि लुबाडलेली मालमत्ता, हा ऐवज पहिल्याच कादंबरीत जमा झाला होता. पुढच्या लेखकांनी तोच पुन्हा पुन्हा वापरला.

तीस वर्षांनी, १७९४मध्ये, अ‍ॅन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ आली. रॅडक्लिफचा बाणा वेगळा होता. तिच्या किल्ल्यात आवाज येतात, सावल्या हलतात, पण शेवटी प्रत्येक गोष्टीला साधं कारण निघतं. काळ्या पडद्यामागे नायिकेला जे दिसतं आणि ज्यामुळे ती बेशुद्ध पडते, ते काय हे वाचकाला शेकडो पानं सांगितलं जात नाही. अखेरीस कळतं की ती मेणाची आकृती होती. भुताची वाट पाहून थकलेल्या वाचकाच्या हाती मेण पडतं. रॅडक्लिफला दोष त्या काळीही दिला गेला आणि तो रास्त होता, पण एका गोष्टीचं श्रेय तिला द्यायलाच हवं. भीतीचा हिशेब लेखकानं शेवटी चुकता केला पाहिजे, हा दंडक तिनं घालून दिला. डिटेक्टिव्ह कादंबरी तिथूनच निघते. उणीव राहिली ती एवढीच, की हिशेब चुकता झाला आणि वाचकाच्या हाती काहीच शिल्लक राहिलं नाही.

पुढची मोठी झेप अमेरिकेत झाली. एडगर अ‍ॅलन पोनं १८३९मध्ये ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’ लिहिली, आणि दोनच वर्षांनी, १८४१मध्ये, ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’. पहिली गॉथिक कथेचा कळस मानली जाते, दुसरी डिटेक्टिव्ह कथेचा आरंभ. दोन्ही एकाच हातच्या आहेत हा योगायोग नाही. पोचा सत्यशोधक द्युपाँ पॅरिसमधल्या एका पडक्या वाड्यात राहतो. कसल्याशा अंधश्रद्धेपायी लोकांनी तो वाडा सोडून दिलेला आहे. दिवसा खिडक्या लावून, मेणबत्त्यांच्या उजेडात तो वाचत बसतो आणि अंधार पडला की बाहेर पडतो. म्हणजे तर्कशास्त्राचा हा पहिला नायक स्वतःच गॉथिक कथेतून उठून आलेला आहे. बंद खोलीतल्या त्या दोन भीषण खुनांचा उलगडाही मेणाच्या बाहुलीसारखा पोकळ नाही. खुनी म्हणून जे समोर येतं ते भुताइतकंच अंगावर शहारा आणणारं आहे. रॅडक्लिफला जे साधलं नव्हतं ते पोला साधलं.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट इटलीतल्या किल्ल्यांतून उठून मध्यमवर्गीय घरात शिरली, त्याला एक खरा खून कारण झाला. १८६०मध्ये विल्टशरमधल्या रोड हिल हाऊसमध्ये चार वर्षांच्याही आतला एक मुलगा मारला गेला. घर आतून बंद, म्हणजे मारेकरी घरातलाच. स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर तपासाला आला. हरवलेल्या एका रात्रीच्या झग्यावरून त्यानं मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर, बोट ठेवलं. खालच्या थरातला पोलीस सभ्य घरातल्या मुलीवर संशय घेतो म्हणून सारा देश त्याच्यावर तुटून पडला. पाच वर्षांनी कॉन्स्टन्सनं स्वतःच कबुली दिली.

विल्की कॉलिन्सनं हाच सांगाडा धरून १८६८मध्ये ‘द मूनस्टोन’ रचली. तिच्यातही हरवलेला झगा आहे, दारावरचा ओला रंग पुसला गेल्याची खूण आहे, आणि सार्जंट कफ हा शांत, गुलाबांच्या नादी लागलेला पोलीस अधिकारी आहे. टी. एस. एलियटनं तिला आधुनिक इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत पहिली, सर्वांत लांब आणि सर्वोत्तम ठरवलं होतं. पण तिचा कणा गॉथिक आहे. सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा हिरा, १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्यानं केलेला खून, हिऱ्यामागून पिढ्यान् पिढ्या चालणारे तीन ब्राह्मण आणि यॉर्कशरच्या किनाऱ्यावरची माणूस गिळणारी थरथरती वाळू, असा तिचा पट आहे. हिऱ्याला ‘शाप’ आहे असं सगळे म्हणतात. कॉलिन्स हळूहळू दाखवतो की शाप म्हणजे लुटीची आठवण. ज्यांचं लुटलं ते विसरलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. साम्राज्य भरात असताना इंग्रज वाचकाला हे ऐकवणं सोपं नव्हतं. गॉथिक रचनेच्या आडोशानं ते ऐकवता आलं.

इथवरची शिदोरी घेऊन डॉयल डेव्हनमधल्या डार्टमूरच्या माळरानावर पोचला. बोअर युद्धाहून १९००मध्ये परतताना जहाजावर त्याची बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या पत्रकाराशी ओळख झाली. १९०१च्या वसंतात दोघं नॉरफकमधल्या क्रोमर इथं हॉटेलात उतरले होते, तिथं रॉबिन्सननं त्याला भुताळी कुत्र्याची एक दंतकथा सांगितली. काळ्या कुत्र्याच्या अशा कथा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरही आहेत आणि नैर्ऋत्येकडच्या डेव्हनमध्येही आहेत. डेव्हनमधल्या बकफास्टली गावात सतराव्या शतकातला जमीनदार रिचर्ड कॅबेल याच्या थडग्यावर गजांची खोली बांधलेली आजही दिसते. तो बाहेर येऊ नये म्हणून ती बांधली, असं लोक सांगतात. रॉबिन्सनचं घर डेव्हनमधलंच, आणि त्याच्या घरच्या गाडीवानाचं आडनाव होतं बास्करव्हिल. डॉयल प्रिन्सटाउनला जाऊन राहिला, रॉबिन्सनबरोबर माळरान पायी तुडवलं, आणि भुताची गोष्ट म्हणून जे सुरू झालं होतं त्यात होम्सला आणायचं ठरवलं. ‘स्ट्रँड’शी बोलणी करताना त्यानं दर दुप्पट सांगितला: होम्सशिवाय हजार शब्दांना पन्नास पौंड, होम्ससह शंभर. मासिकानं शंभर मोजले.

डार्टमूरमध्ये लेखकाला नव्यानं काही रचावंच लागलं नाही. ग्रॅनाइटचे उघडे सुळके, धुकं, पाय टाकताच आत ओढणारी दलदल आणि ब्राँझ युगातल्या माणसांच्या दगडी झोपड्यांचे गोल पाये हे सगळं तिथं आहे. त्याच्या मधोमध तुरुंग. नेपोलियनच्या युद्धातले कैदी ठेवण्यासाठी तो १८०९पर्यंत बांधून झाला आणि १८५०पासून इंग्लंडमधले कठोर गुन्हेगार तिथं पाठवले जाऊ लागले. कादंबरीतली ग्रिम्पन दलदल प्रिन्सटाउनजवळच्या फॉक्स टॉर मायर्सवरून सुचली असं बहुतेक अभ्यासक मानतात. आदिमानवाची झोपडी, जुनी दंतकथा आणि आधुनिक तुरुंग हे एका नजरेच्या टप्प्यात असलेली जागा युरोपात शोधून मिळणार नाही.

कादंबरीची सुरुवात ऑट्रँटोच्याच सामानानं होते, पण पहिल्या पानापासून त्या सामानाची तपासणी चालू आहे. डॉक्टर मॉर्टिमर जुनं हस्तलिखित घेऊन येतो. त्यात ह्यूगो बास्करव्हिलनं एका शेतकऱ्याच्या मुलीला पळवून कोंडल्याची, तिच्यामागे शिकारी कुत्री सोडल्याची आणि शेवटी एका राक्षसी कुत्र्यानं त्याचा गळा फाडल्याची हकीकत आहे. मॉर्टिमर वाचायला लागण्याआधीच होम्सनं त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या बोटभर कागदावरून त्याचा काळ ओळखलेला असतो; अंदाज १७३०चा, प्रत्यक्ष साल १७४२. वॉलपोलनं हस्तलिखिताचा आधार घेतला तो वाचकानं विश्वास ठेवावा म्हणून. डॉयलच्या हाती तेच हस्तलिखित मुद्देमाल होतं.

पुराव्यांचंही तसंच. सर चार्ल्स बास्करव्हिल झाडांच्या रांगेतल्या वाटेवर मरून पडले आहेत. अंगावर जखम नाही, हृदय बंद पडलेलं. त्यांच्या पाऊलखुणा एका जागेपासून पुढे बदलतात, फक्त चवडे उमटलेले दिसतात. नोकर म्हणतो, मालक चवड्यांवर चालत होते. होम्स म्हणतो, ते जिवाच्या आकांतानं धावत होते. फाटकापाशी सिगारची राख दोनदा पडली आहे, म्हणजे ते तिथं पाच-दहा मिनिटं कुणाची तरी वाट पाहत उभे होते. या बारीकसारीक खुणा भीती कमी करत नाहीत. उलट एका म्हाताऱ्या, दुबळ्या हृदयाच्या माणसाची शेवटची दहा मिनिटं डोळ्यांसमोर उभी करतात.

सर्वांत अस्सल पुरावा मात्र बुटांचा. कॅनडाहून आलेला वारस सर हेन्री लंडनच्या हॉटेलात उतरतो आणि त्याचा एक बूट चोरीला जातो. कोरा, एकदाही न घातलेला. लगेच दुसरा जातो, या वेळी जुना, वापरलेला, आणि कोरा परत सापडतो. हॉटेलवाल्यांना हा गबाळेपणा वाटतो. होम्सला तिथंच कळतं की कुत्रा खरा आहे. कोऱ्या बुटाला माणसाचा वास नसतो, म्हणून तो चोराच्या कामाचा नाही. नरकातून आलेल्या कुत्र्याला माग काढायला जुना बूट लागत नाही. हाडामांसाच्या कुत्र्याला लागतो. दोनशेहून अधिक वर्षांचा शाप हॉटेलातल्या एका बुटापाशी येऊन पकडला जातो. संपूर्ण रहस्यसाहित्यात इतका साधा आणि इतका भेदक पुरावा क्वचितच सापडेल.

पण एवढं कळूनही होम्स दृश्यातून निघून जातो, आणि इथं डॉयलची खरी हुशारी आहे. पंधरा प्रकरणांपैकी सहाव्याच्या सुरुवातीनंतर अकराव्याच्या शेवटापर्यंत तो वाचकाला दिसत नाही. वॉटसन सर हेन्रीबरोबर बास्करव्हिल हॉलमध्ये राहतो आणि होम्सला पत्रं लिहितो. रात्री बाईच्या रडण्याचा आवाज, खिडकीशी मेणबत्ती धरून उभा नोकर, तुरुंगातून पळालेला सेल्डन, सुळक्यावर चंद्रासमोर दिसलेली उंच आकृती. तर्क लंडनला राहिलेला आहे, माळावर फक्त सरळमार्गी, धीट आणि गोंधळलेला वॉटसन आहे. वाचकाला जीव मुठीत धरायला लावायला असाच माणूस योग्य. होम्स शेजारी असता तर दलदल नुसता चिखल राहिली असती. तो परत येतो तेव्हा कळतं की इतके दिवस तो तिथंच, त्या आदिमानवाच्या झोपडीत राहत होता.

चित्राचा प्रसंगही तेवढाच मोलाचा. जेवणानंतर होम्स मेणबत्ती घेऊन ह्यूगोच्या तैलचित्रापाशी जातो, हात वाकवून चित्रातली रुंद टोपी आणि लांब कुरळे केस झाकतो, आणि वॉटसनला शेजारच्या स्टेपल्टनचा चेहरा दिसतो. ऑट्रँटोत चित्र चौकटीतून खाली उतरलं होतं, तेव्हा वाचकाला चमत्कार दिसला. इथं चित्र जागचं हलत नाही आणि तरीही अंगावर काटा येतो, कारण पूर्वज खरोखरच परत आला आहे. तो फुलपाखरं पकडतो, शेजाऱ्यांशी गोड बोलतो, स्वतःच्या बायकोला बहीण म्हणून मिरवतो, आणि सात लाख चाळीस हजार पौंडांवर डोळा ठेवून आहे. कुत्रा त्यानं लंडनच्या दुकानातून विकत आणला, तोंडाला फॉस्फरसचं मिश्रण फासलं, आणि घराण्याची दंतकथा हत्यारासारखी वापरली.

बास्करव्हिलचं उत्तर ते हे. भुताची भीती माणसाच्या अंगावर येऊन बसते, आणि ती आधीपेक्षा मोठी होते. वातावरणही शोभेचं राहत नाही. लोकांचा शापावर विश्वास आहे म्हणूनच खुनाचा खून म्हणून संशय येत नाही. धुकं आहे म्हणूनच शेवटचा सापळा फसता फसता वाचतो. दलदल आहे म्हणूनच स्टेपल्टन कुठल्याही न्यायालयापुढे उभा राहत नाही. माळरान काढून घेतलं तर कथानकच उरत नाही. गॉथिक आणि डिटेक्टिव्ह यांची सांधेजोड पाहायची तर हीच कसोटी लावावी.

हे लिहिणारा डॉयल पुढे परलोकविद्येचा जाहीर पुरस्कर्ता झाला. १९१६पासून त्यानं मृतात्म्यांशी संवादाचा प्रचार केला, १९२०मध्ये कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेल्या पऱ्यांच्या छायाचित्रांची बाजू घेतली. तरीही जानेवारी १९२४च्या ‘ससेक्स व्हॅम्पायर’ कथेत होम्स भुताखेतांना आपल्या कचेरीत थारा देत नाही. लेखकाची श्रद्धा एक आणि नायकाची शिस्त दुसरी. डॉयलनं ही शिस्त अखेरपर्यंत मोडली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रहस्यकथेला नियमांची चौकट आली. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं १९२९मध्ये दहा नियम सांगितले. अलौकिक शक्तींना त्यात साफ मज्जाव होता आणि गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक नको असंही कलम होतं. गॉथिकचं सामान असं मोजून मापून मिळू लागलं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं आपली पहिली कादंबरी डार्टमूरवरच्याच एका हॉटेलात राहून पूर्ण केली होती. १९३१च्या ‘द सिटाफर्ड मिस्टरी’त तिनं बर्फानं वेढलेल्या डार्टमूरवर मृतात्म्याला बोलावण्याचा खेळ मांडला, तो मृत्यूची बातमी देतो, आणि ती खरी निघते. कोडं सुबक आहे, पण माळरान पार्श्वभूमीलाच राहतं. १९३९च्या ‘अँड देन देअर वेअर नन’मध्ये मात्र तिनं बेटावरच्या दहा माणसांना त्यांच्याच जुन्या अपराधांसह कोंडलं. तिथं एकही भूत नाही, घरही नवंकोरं, झगझगीत आहे, आणि तरीही ती तिची सर्वांत भयाण कादंबरी ठरली.

चेस्टरटनच्या फादर ब्राउननं या प्रश्नाला धार्मिक माणसाचं उत्तर दिलं. १९२६च्या संग्रहातल्या ‘द डूम ऑफ द डार्नवेज’ या कथेत समुद्रकाठचा पडका वाडा, शापाची कविता आणि पूर्वजाचं चित्र सगळं आहे. हा मृत्यू शापानं झालेला नसून खून आहे असं कळल्यावर फादर ब्राउनला हायसं वाटतं. खून माणूस आपल्या इच्छेनं करतो. म्हणजे तो न करणंही त्याच्या हाती असतं. शाप खरा असेल तर कुणाच्याच हाती काही राहत नाही. तर्काची बाजू इतक्या करुणेनं फार थोड्या लेखकांनी मांडली आहे.

जॉन डिक्सन कार यानं सीमा उलट दिशेनं ओलांडली. १९३७च्या ‘द बर्निंग कोर्ट’मध्ये विषप्रयोग, बंद तळघरातून नाहीसं झालेलं प्रेत आणि भिंतीतून निघून गेलेली बाई या सगळ्याचा तर्कशुद्ध खुलासा तो करतो, आणि मग शेवटच्या काही पानांत तो खुलासाच डळमळीत करून ठेवतो. नियम पाळणाऱ्यांनी नाकं मुरडली, पण रहस्यकथेच्या सोयीस्कर शेवटावर यापेक्षा धीट हल्ला त्या काळात झाला नाही.

जपानमध्ये सेइशी योकोमिझोनं या प्रकाराला नवं घर दिलं. युद्धाच्या अखेरीस तो ओकायामाच्या खेड्यात जाऊन राहिला होता. १९४६मध्ये लिहिलेल्या ‘होंजिन मर्डर केस’मध्ये एका जुन्या प्रतिष्ठित घराण्यात लग्नाच्याच रात्री नवराबायको बंद खोलीत मारले जातात, बाहेर न तुडवलेलं बर्फ, आणि रात्रीच्या शांततेत कोतो या तंतुवाद्याचा विचित्र झणत्कार. १९४७च्या कायद्यानं जपानमधली कुटुंबप्रमुखाची जुनी सत्ता संपली. योकोमिझोच्या कादंबऱ्यांत तीच सत्ता, तिची मृत्युपत्रं आणि तिची कुलप्रतिष्ठा माणसं मारत सुटलेली दिसते. इंग्लंडच्या बास्करव्हिल घराण्याशी या कथांचं नातं शैलीचं कमी आणि मालमत्तेचं जास्त आहे.

उंबर्तो इको या इटालियन विद्वानानं १९८०च्या ‘द नेम ऑफ द रोज’मध्ये ऋण उघडच मान्य केलं. त्याचा साधू-सत्यशोधक विल्यम, गाव बास्करव्हिल. साल १३२७, उत्तर इटलीतला मठ, भुलभुलैयासारखं ग्रंथालय, आणि बायबलमधल्या प्रलयाच्या खुणांप्रमाणे पडत जाणारी प्रेतं. विल्यम सत्यापर्यंत पोचतो, पण ज्या सूत्राचा माग काढत पोचतो ते सूत्रच नव्हतं असं त्याला उमगतं, आणि ग्रंथालय त्याच्या डोळ्यांदेखत जळून जातं. इथं तर्क जिंकतो पण काही वाचवू शकत नाही.

भारतात या दोन्ही वाटा एकाच लेखकानं चोखाळल्या, आणि त्याचा महाराष्ट्राशी घट्ट संबंध आहे. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८मध्ये चित्रपटांसाठी मुंबईत आले आणि १९५२नंतर पुण्यात स्थायिक झाले. भुतांच्या गोष्टी सांगणारा वरदा हे त्यांचंच दुसरं पात्र. ‘ब्योमकेश ओ वरदा’ या कथेत त्यांनी दोघांना समोरासमोर आणलं: उंच खिडकीशी दिसणारं भूत हा उंच काठ्यांवर चालणारा माणूस निघतो. पण महाबळेश्वरच्या हॉटेलात घडणाऱ्या ‘शैलरहस्य’मध्ये मात्र ब्योमकेशला खुनाचा धागा भुताकडूनच मिळतो, आणि ते भूत लेखक खोटं ठरवत नाही. सह्याद्रीच्या धुक्यात बंगालच्या सत्यशोधकानं घेतलेली ही माघार वाचण्यासारखी आहे.

बास्करव्हिलचा कुत्राही हिंदी पडद्यावर आला. १९६२च्या ‘बीस साल बाद’मध्ये कुत्र्याच्या जागी अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीचा आत्मा आहे आणि इंग्लिश माळाच्या जागी हवेलीभोवतीची दलदल. वारसाहक्काच्या लोभाऐवजी सूड हे गुन्ह्याचं कारण झालं. कादंबरीत ह्यूगोनं पळवलेली मुलगी पहिल्या काही पानांतच विसरली जाते. चित्रपट तिलाच मध्यभागी आणतो. हेमंतकुमारांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘कहीं दीप जले कहीं दिल’ला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि धुक्यातली अज्ञात हाक कशी असते हे त्या गाण्यानं दोन पिढ्यांना शिकवलं.

मराठीत भालबा केळकरांच्या अनुवादांनी होम्स घरोघरी पोचवला. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड आणि धनंजयच्या शेकडो रहस्यकथांवर वाचकांची एक अख्खी पिढी पोसली. दुसरीकडे नारायण धारपांनी भयकथा आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथा उंचीवर नेली. पण हे दोन प्रवाह बहुतांशी वेगळेच वाहिले. अर्नाळकरांच्या नायकाला वेग हवा होता, वाड्याच्या अंधारात रेंगाळायला त्याला सवड नव्हती. धारपांचा समर्थ शोध घेतो, पण त्याच्यासमोरचं अमंगळ खरोखरच पारलौकिक असतं. तिथं बुटाचा पुरावा कामाचा नाही. शाप आणि तपास यांना एकत्र बांधणारी, डार्टमूरच्या तोलाची मराठी कादंबरी अजून यायची आहे.

सामग्रीचा तोटा मुळीच नाही. कोकणातल्या बंद घरांत भाऊबंदकीचे दावे, सातबाऱ्यावरची वादग्रस्त वारसनोंद, ‘त्या घराला निर्वंशाचा शाप आहे’ ही कुजबुज आणि देवचार-राखणदाराच्या हकीकती एकाच सोप्यावर ऐकायला मिळतात. आणि पुण्याच्या शनिवारवाड्याची गोष्ट तर जगातल्या कुठल्याही गॉथिक लेखकानं हेवा करावा अशी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून झाला. काका रघुनाथरावांना मारलेली त्यांची हाक पौर्णिमेच्या रात्री अजून ऐकू येते असं सांगणारे आजही भेटतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा म्हणजे बनावट दस्तऐवजाचं प्रकरण. आणि तपास करून रघुनाथरावांना दोषी ठरवणारे, त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पद सोडणारे रामशास्त्री प्रभुणे हे खरेखुरे सत्यशोधक. महाराष्ट्रानं हाक लक्षात ठेवली, दस्तऐवजाची कथाही ठेवली, न्यायाधीशही ठेवले. पण तिघांना एका कादंबरीच्या तपासात अजून कुणी नीट बसवलेलं नाही.

अडीचशे वर्षांच्या या लेखनातून एक निवाडा स्पष्ट निघतो. जिथं खुलाशानंतर हाती मेण उरतं, ती पुस्तकं काळाबरोबर मागे पडली. जिथं भुताच्या जागी लोभ, लूट, कुलाभिमान किंवा विसरलेला अत्याचार उभा राहिला, ती टिकली. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ त्यांत अग्रभागी आहे, आणि ज्यांनी ती फक्त शाळकरी वयात संक्षिप्त रूपात वाचली आहे त्यांनी ती पुन्हा, पूर्ण पंधरा प्रकरणांची वाचावी. संक्षेप करणारे आधी वॉटसनची पत्रं आणि माळरानाची वर्णनं कापतात, आणि खुनाचं अर्धं हत्यार नेमकं तिथंच असतं.